श्रावणातला तांबडा-पांढरा

सुवार्ता ही माझी धाकटी बहीण. सख्खी, एकाच आईच्या पोटची. आधीच सांगून ठेवतोय, कारण सगळं ऐकल्यावर निम्मं कोल्हापूर म्हणणार, ती आमचीच पावणी लागती. लागत न्हाय. ती माझी हाय.

मी दुधाचा टेम्पो चालवतोय. शाळा नववीपर्यंत, नववी बी दोनदा. पर शिवाजी पेठेच्या बोळातनं टेम्पो मागं घेऊन दाखवणारा माझ्यासारखा दुसरा गडी असला तर समोर आणा. अशा माणसाची बहीण साधी कशी निघंल? ती बी.कॉम. झाली. शाहूपुरीत पंपाच्या सुट्ट्या भागांचं दुकान हाय, तितं काउंटरला बसती. संध्याकाळी पोरींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. आन रविवारी चर्चमधी बारक्या पोरांची शाळा घेती. तालमीतली पोरं तिला 'भिंत' म्हणत्यात. उगं न्हाय म्हणत.

आमी ख्रिस्ती. पणज्यापासनं. चर्च आमचं ल्हानच, शाहूपुरीच्या वरच्या अंगाला, कौलारू, पुढं रुंद व्हरांडा. मंडळीत घरं थोडकी, पर एकाच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर दुसऱ्याला डाळ कुठली ते कळणार. चर्चचा कारभार पंच बघत्यात. आन पंच म्हंजे केस पिकलेला माणूस, हे आमच्यात ठरलेलं. सगळ्यांत वर शमुवेल आण्णा. एस.टी.तनं कंट्रोलर म्हणून रिटायर झाल्यात, पर गाडी फलाटाला लावायचा हुकूम द्यायचा तो आवाज काय रिटायर झाला न्हाय.

उपासना घेणाऱ्या आमच्या पाळकसाहेबांनी एका वार्षिक सभेत विषय काढला, की पंचांत एक जण तरी तरुण संघातला घेऊया, पोरं नुसती नाताळाला कंदील बांधायला किती दिवस वापरायची. आण्णांनी लगेच मान डोलवली आन सुवार्ताचं नाव सुचवलं. सगळ्यांस्नी नवल वाटलं. नंतर आण्णा कुणाला तरी म्हणालं म्हणं, मीटिंगला चहा करायला कोणतरी लागतंयच की. ते हिच्या कानावर आलं. पहिल्या मीटिंगला गेली, आन आमच्यात नमस्काराला सलाम म्हणत्यात, तो सगळ्यांस्नी करून म्हणाली, "चहा मी करतो, पर कप आण्णा धुणार."

आण्णा हसलं न्हाईत. पाळकसाहेब मातूर खोकला आल्यागत करून भाईर गेलं.

त्याच साली महापूर आला. कोल्हापूरकरांस्नी पुराचं सांगायला नको. पाऊस थांबायचं नाव न्हाय, लाईट गेलेली, दुधाचं संकलन बंद, माझा टेम्पो दारात उभा. नदीकाठच्या गावांतली माणसं ट्रॅक्टरनं आन नावंनं शहरात यायला लागली. शाळा भरल्या, मंगल कार्यालयं भरली. आमच्या पेठेतल्या तालमीचा ऋतुराज पोरांस्नी घेऊन माणसं भाईर काढत होता. त्यानं सुवार्ताला रस्त्यातच विचारलं, "भिंत, तुमचं चर्च उंचावर हाय. देतासा काय?"

ती तशीच भिजत आण्णांच्या घरी गेली. आण्णांनी पहिल्यांदा न्हाय म्हणलं. त्यांचं बी अगदीच चुकीचं नव्हतं. दिवस कसलं हायत ते सगळ्यांस्नी म्हाईत हाय. परक्या धर्माची माणसं चर्चमधी आणून ठेवली, तर उद्या कोण काय उठवील सांगता येत न्हाय. परत रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आन द्राक्षरस घ्यायचा विधी, महिन्यातनं एकदाच असतोय. हे सगळं तिनं ऐकून घेतलं आन म्हणाली, आण्णा, लेकरं ट्रॅक्टरात बसल्यात. आण्णांनी खिडकीतनं भाईर बघितलं. मग चावी दिली, शनिवारपर्यंत म्हणून. आन त्या कंट्रोलरच्या आवाजात बजावलं, चर्चवर एक जरी बोल आला तर त्याचा जबाब तुझ्याकडनं घेतला जाईल.

चावी घेऊन ती थेट ऋतुराजकडं गेली आन ट्रॅक्टर चर्चकडं वळवायला सांगितलं. 

आली ती सगळी चिखलीकडची शेतकरी माणसं. त्यांच्यात एक आक्का होती. तिचं खरं नाव कुणी घेत नव्हतं, सगळा गाव तिला आक्काच म्हणायचा. उंच, कपाळाला ठसठशीत कुंकू, आवाज असा की पावसातनं बी ऐकू यावा. आत आल्याआल्या तिनं वेदीकडं बघितलं, वरचा क्रूस बघितला, चपला भाईर काढल्या आन सगळ्यांस्नी सांगितलं, तिकडं देव हाय, तिकडं पाय करून कुणी झोपायचं न्हाय. तिचा पुतण्या गुंडू. म्हशी टेकावर सोडून आलेला, त्यामुळं जीव तिकडं आन राग जगावर. जाजम कुठं टाकायचं ते पोरं सांगायला गेली तर म्हणाला, आमास्नी घर हुतं, जाजम टाकायला येतंय.

पहिलं दोन दिवस चहा, पाव, बिस्किटं, पोहं. मंडळीतल्या घराघरांतनं डबं आलं, तरुण संघातली पोरं पडंल ते काम करायला उभी. पर सुवार्ताच्या डोळ्यांपुढनं एक म्हातारा हलंना. दात नसलेला, बिस्कीट चहात बुडवायचा, ते पडायचं, आन तो कपात बोट घालून शोधत बसायचा. तिच्या मनानं घेतलं, ह्या माणसांस्नी आता गरम, पोटभर, आपल्या घरच्यागत जेवण पाहिजे.

आता आमच्या घरच्यागत म्हंजे काय? कोल्हापुरात पावणा आला आन तांबडा-पांढरा झाला न्हाय, तर आमच्या आईला वाटतंय आपण पावण्याला हाकलूनच दिलं. पेठेतल्या खाटकाची लाईट नव्हती, फ्रिज बंद, गिऱ्हाईक न्हाय. तो म्हणाला, घेऊन जावा सगळं, पुरातल्या माणसांच्या तोंडी लागू दे. सुवार्ताला वाटलं, देवानंच वाट काढली. गिऱ्हाईक का न्हाय, हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाय. पुरामुळंच गिऱ्हाईक येत नसंल, असं धरून सोडून दिलं. आमच्या घरातल्या भिंतीवर कॅलेंडर हाय, पर त्यात बायबलातली वचनं असत्यात, तिथी नसती. एरवी पेठेतली शेजारीण गटारीच्या गप्पा मारती तवा आमाला कळतंय की आता महिनाभर पेठेतलं जेवण शाकाहारी. त्या वर्षी गटारी पाण्यात गेली. आखाड कवा सरला आन श्रावण कवा बसला, आमच्यातल्या एकाला पत्ता न्हाय.

व्हरांड्यात चुली मांडल्या. आईनं घरचा मसाला दिला, पोरींनी खोबरं वाटलं, पांढऱ्याला नारळाचं दूध काढलं. सुवार्ता डाव घेऊन मधी उभी. तांबड्याला असली तर्री आली की मी सांगतो, पंचतारांकितवाल्यांनी येऊन पाय धरावंत. वास आत गेला.

आन आतला आवाज बंद झाला.

तिला आधी वाटलं, भूक लागली असंल. मग बघितलं तर पोरं चुलीकडं यायला लागली होती आन आया त्यांस्नी दंडाला धरून मागं ओढत होत्या. पंगतीची जाजमं अंथरली, कोणच बसंना. म्हातारा भिंतीकडं तोंड करून बसलेला. गुंडू पुढं आला, पातेल्यात वाकून बघितलं आन सगळ्यांस्नी ऐकू जाईल असं म्हणाला, "श्रावणात मटण. म्हंजे आमास्नी बाटवायला आणलंय व्हय हितं?"

तेवढ्यावर दोन बायका गाठोडी बांधायला लागल्या. भाईर पाऊस असा की समोरचं दुकान दिसंना.

 सुवार्ताला आण्णांचं बोलणं आठवलं. चर्चवर एक बोल. तो आला होता, आन खरा वाटावा असा आला होता. मागं तरुण संघातला आदर्श, गिटार वाजवतोय तो, कुजबुजला, "ताई, खाटकानं दिलं म्हणून सांग की. न्हायतर आमी आणलं म्हण." चांगलं पोरगं हाय, तिला वाचवायलाच बघत होतं.

तिनं डाव खाली ठेवला. हात पुसलं, आत गेली आन आक्कापुढं जाजमावर बसली.

"आक्का, चुकलं," ती म्हणाली. "माझंच चुकलं. कुणी सांगितलं न्हाय, मीच ठरवलं. आमच्यात श्रावण नसतोय, माझ्या ध्यानातच आलं न्हाय. पावण्याला चांगलं ते वाढायचं एवढंच डोक्यात हुतं."

 गाठोडी बांधणाऱ्या बायका थांबल्या. गुंडू काय तरी बोलणार होता, आक्कानं नुसता तळहात वर केला.

"घरात पाणी शिरल्यापासनं मी बी दिस इसरलो हुतो," आक्का म्हणाली. "काल सोमवार का बुधवार, हे बी मला कुणी सांगाय लागतंय. उठ. रडत बसलीस तर पोरं उपाशी झोपतील. दुसरी भांडी हायत का?"

नव्हती. चर्चची सगळी पातेली मटणात गेलेली. आन त्याच पातेल्यांत घासून परत शिजवायचं, हे आक्काच्या माणसांस्नी चालणार नव्हतं. ते कुणी बोललं न्हाय, सुवार्ताला चेहऱ्यांवरनं समजलं. ती गुडघाभर पाण्यातनं तालमीत गेली. ऋतुराज बोटीवरनं आलेला, अंग चिखलानं भरलेलं. तिनं झालेलं सगळं सांगितलं, काय बी न झाकता. तो पहिल्यांदा एवढा हसला की बाकावर बसला. मग उठून मंडळाच्या खोलीचं कुलूप काढलं, महाप्रसादाची मोठी कढई, दोन पातेली आन परात भाईर काढली. म्हणाला, गणपतीला यायला अजून वेळ हाय, तवर येशूच्या घरी राहू दे, पर जाताना घासून दे भिंत, न्हायतर बाप्पा मला विचारील. तालमीच्या पोरांनीच कढई डोक्यावर घेऊन चर्चपर्यंत आणली.

मटणाचं काय करायचं, हा प्रश्न माझ्याकडं आला. आन असला प्रश्न माझ्याकडंच येतोय. हायवेला ट्रकची रांग अडकून पडलेली, कुठल्या कुठल्या मुलखातलं ड्रायव्हर, बिस्किटावर दिवस काढलेलं. पातेली टेम्पोत घातली, आदर्शला मागं धरायला बसवला, आन मी सांगतो, त्या पाण्यातनं रश्श्याचा एक थेंब सांडू दिला न्हाय. एका तामिळी ड्रायव्हरनं पांढरा रस्सा पिऊन माझा हात हातात धरला आन सोडंचना. भाषा कळली न्हाय. कळायची गरज बी नव्हती.

हिकडं व्हरांडा धुऊन काढला. चुली दुसरीकडं मांडल्या. सुवार्ता म्हणाली, आक्का, आता तुमी सांगा, आमी हाताखाली. आक्कानं पदर खोचला. मग काय, आमच्या तरुण संघातली पोरं, जी आईनं सांगितलं तर पाण्याचा तांब्या हलवत न्हाईत, ती कांदा चिरताना रडत होती आन आक्काची बोलणी खात होती. झुणका झाला, भात झाला, भाकरीची परात भरली. सुवार्तानं बी भाकरी थापायला घेतली. तिची भाकरी तव्यावर जाताजाता कर्नाटकाच्या नकाशागत झाली.

गुंडू लांबनं बघत होता. त्याला ते बघवंना. "सरक तिकडं," म्हणाला. "म्हणं चर्चची पंच. भाकरीला आकार न्हाय आन निघाली कारभार करायला." आन बाह्या मागं सारून सोता बसला. पैलवानकी सोडल्यावर त्यानं काय दिवस खानावळीत काढल्यालं, भाकरी अशी गोल की कंपास लाजावा. सुवार्ता त्याच्या शेजारी बसून शेकत राहिली. तिनं समजूत घातली न्हाय आन त्यानं माफी मागितली न्हाय. पर पंगतीला तो बसला. सुवार्ता बी त्याच पंगतीला बसली, आक्काच्या मांडीला मांडी लावून. दात नसलेल्या म्हाताऱ्यानं झुणक्यात भात कालवून खाल्ला, आन आणखी मागितला.

मला इचाराल तर गोष्ट हितंच संपायला पाहिजे होती. पर गावातली बातमी पुराच्या पाण्यापेक्षा लवकर चढती. शनिवारी दुपारी आण्णांनी आपल्या घरी पंचांस्नी बोलवलं.

कुणी तरी त्यांस्नी रस्त्यात गाठून 'बाटवायला' हा शब्द सांगितला होता. आण्णा घाबरलं होतं, आन घाबरलेला माणूस मोठ्यानं बोलतोय. तरुणांच्या हातात दिलं की असं होतंय, म्हणालं. आपल्या बापजाद्यांनी ह्या गावात मान खाली घालून, शाळा चालवून, दवाखान्यात रात्रंदिवस राबून नाव कमावलं, आन एका पातेल्यात ते बुडायची वेळ आली. उद्या उपासनेच्या आधी चर्च मोकळं झालं पाहिजे. तुझं पद ठेवायचं का न्हाय, ते उपासनेनंतर मंडळी ठरवील. पाळकसाहेबांनी दोनदा मधी तोंड घालून बघितलं, आण्णांनी दोनदा गप केलं.

सुवार्ता उभी राहिली. तिच्या मनात लई बोलायचं होतं. चहाचं, कंदिलाचं, नऊ वर्षं रविवारच्या शाळेत काढलेल्या सकाळींचं. त्यातलं ती एक बी बोलली न्हाय.

"पद आजच घ्या आण्णा, मंडळीपर्यंत थांबू नका," ती म्हणाली. "चूक माझी हाय, ती मला लावा. पर माणसं हलवू नका. पाणी अजून उतरलं न्हाय. त्यांनी काय केलंय?"

हुकूम काय बदलला न्हाय. आण्णांनी मीटिंग संपली म्हणून प्रार्थना केली, आवाज जरा कमी झालेला.

संध्याकाळी तिनं आक्काला खरं ते सांगितलं. उद्या सकाळी जागा सोडायची हाय, मी कुठं तरी दुसरीकडं सोय बघतो, म्हणाली. ती आन आदर्श अंधार पडंपर्यंत शाळांतनं हिंडली. कुठं पाय ठेवायला जागा नव्हती. घरी आली तवा आईनं जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत बसली. आमी तिघांनी मिळून प्रार्थना केली. मी प्रार्थनेत लांबण लावत न्हाय, आमेन म्हणायला पुढं असतोय, पर त्या दिवशी मी बी बोललो. काय बोललो ते देवाला म्हाईत हाय.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आन सुवार्ता चर्चवर गेलो तर पाऊस बारीक झालेला. आत फरशी धुऊन पुसलेली. बाक ओळीनं लावलेलं. व्हरांड्यात गाठोडी रांगेनं ठेवलेली आन त्यांच्याजवळ माणसं गप उभी, जणू एस.टी. यायची हाय. उंबऱ्यापुढं आक्कानं रांगोळी काढलेली, मिळाली तशी, तांदळाच्या पिठाची. गुंडू खराटा घेऊन पायरी झाडत होता.

तेवढ्यात आण्णा आलं. प्रभुभोजनाची तबकं पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी धरलेली. रांगोळी बघून थांबलं. पाय कुठं टाकावा कळंना.

आक्का पुढं झाली आन दोन्ही हात जोडून म्हणाली, "सलाम आण्णा." पोरांकडनं शिकली असणार. "तुमच्या देवाच्या घरात आमची लेकरं कोरडी झोपली. लई उपकार झालं. आज तुमचा सण हाय, आमी अडचण करत न्हाय. निघतोय."

"कुठं निघालासा?" आण्णांनी विचारलं.

"बघू की. पोरीनं लई हिंडून बघितलं काल."

 आक्का मग जरा जवळ गेली आन हळू म्हणाली, पर तिचा हळू आवाज आमा सगळ्यांस्नी ऐकू आला. "ह्या पोरीला बोलू नगासा. आमच्या गावात काय चुकलं की कारभारी आधी दुसऱ्याचं नाव घेतोय. हिनं सोताचं घेतलं. असा कारभारी आमी कवा बघितला न्हाय."

गुंडूचा खराटा थांबलेला. तो पायरीकडं बघतच म्हणाला, "तो शब्द मी बोललो हुतो. बाटवायचा. रागानं बोललो. कुणी इचारलं तर माझं नाव सांगा."

आण्णांनी तबकं माझ्या हातात दिली. माझ्या हातात, एवढ्या माणसांतनं. मग रांगोळीच्या कडंनं, पिठाला धक्का न लावता आत गेलं. वेदीपुढं थोडा वेळ उभं राहिलं. परत भाईर आलं, वाकलं, आक्काचं गाठोडं उचललं, जड होतं, गुडघ्यातनं कळ गेली असणार, आन ते आत नेऊन पहिल्या बाकावर ठेवलं, जितं आण्णांच्या घरची माणसं बसत्यात.

मंडळी यायला लागली होती. छत्र्या मिटत होत्या, लोक व्हरांड्यात येऊन थांबत होते, काय चाललंय ते बघत होते. आण्णा सुवार्ताजवळ आलं. आवाज कंट्रोलरचा नव्हता.

"आत ह्या माणसांचा पसारा राहणार," म्हणालं. "मग उपासना कुठं घ्यायची? तू सांग."

 माझ्या बहिणीनं डोळं पुसलं, नाक पुसलं. मग म्हणाली, "हितंच आण्णा. व्हरांड्यात."

"बरं," आण्णा म्हणालं, आन पहिली खुर्ची आणायला सोता आत गेलं.